साहेबांच्या डोक्यावरचा फेटा

"त्या लोकांच्या हातचं काहीही घ्यायचं नाही! त्यांची दुकानं बंद म्हणजे बंद!" सत्काराच्या सभेत पुढारी धैर्यशीलराव कडाडले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आभार मानायला व्यासपीठावर बसलेल्या उपसरपंच इंदूताईंनी मंडपभर नजर फिरवली. कडेला मंडपवाले हमीदचाचा मान खाली घालून उभे होते आणि पुढची पोरं त्यांच्याकडेच वळून वळून बघत होती. आपण गप्प बसलो, तर सभा सुटताच चाचांच्या दुकानावर दगड पडणार, हे ताईंना दिसत होतं.

त्या उठून माइकपाशी गेल्या.

"साहेब, तुमचा शब्द शिरसावंद्य. पण आभार मानताना कुणाला वगळायची आमच्यात रीत नाही. हा मंडप हमीदचाचांनी घातला. सत्काराचा हा फेटाही तुमच्या डोक्यावर त्यांनीच बांधला. तेव्हा बहिष्काराची सुरुवात आपल्याच शुभहस्ते व्हावी. आधी आपण फेटा उतरवा, मग आम्ही मंडप सोडतो."

साहेबांचा हात फेट्याकडे गेला आणि तिथेच अडकला. भरसभेत पुढारी बोडका कसा होणार? मागे एक म्हातारी खुदकन हसली आणि मग अख्खा मंडप हसला.

साहेब फेट्यासकट गाडीत बसले. मग चाचांचं दुकान बंद करायला कोण कशाला जातंय!