म्हसूआजाचं माप

निंबदरीच्या डोंगराला पायथ्याशी एक काळं तोंड आहे. उभ्या माणसाला वाकून आत जावं लागेल एवढंच. त्यातून बारा महिने पाणी वाहतं आणि खालच्या तिन्ही वाड्या त्यावर जगतात. गावचे गुरव पाहुण्यांना तिथवर घेऊन येतात, पण आत डोकावू देत नाहीत. तोंडापासून चार हात अलीकडे, चिंचेखाली बसवतात आणि मग बोलायला लागतात.

पूर्वी इथे पाणी नव्हतं म्हणे. पाणी होतं ते डोंगराच्या पोटात. इथल्या देशमुखाने आपला कारभारी सुभानजी याला बोलावून सांगितलं, "मृग लागायच्या आत भुयार खणून पाणी काढ. माणसं किती लागतील ते तू ठरव. पण एकदा शब्द दिलास की फिरायचं नाही." आधीच्या कारभाऱ्याने शब्द फिरवला होता. त्याचं घर कुठे होतं हेसुद्धा गावात कुणी बोलत नसे. सुभानजीला दोन लेकी होत्या. देशमुखासमोर उभं असताना त्याला त्याच दिसत होत्या.

माणसं किती लागतील हे काढायला त्याने वडारांच्या तांड्यातला यल्लाप्पा निवडला. यल्लाप्पाचे दंड बैलाच्या मानेसारखे. सकाळच्या गारव्यात, तोंडापाशी मुरमाची मऊ जमीन, तिथे त्याला पहार देऊन उभं केलं. दुपारपर्यंत त्याने किती टोपल्या माती काढली ते सुभानजीने मोजलं, त्याची दुप्पट केली आणि तेच प्रत्येक माणसाचं रोजचं काम ठरवलं. त्या हिशोबाने माणसं लावली आणि देशमुखाला शब्द दिला.

पहिला महिना हिशोब बरोबर आला. मग मुरूम संपला, काळा पाषाण लागला. भुयार आत गेलं तसा वारा तुटला. दिवट्या मिणमिणायला लागल्या. टोपली बाहेर आणायलाच आता दम लागे. टोपल्या कमी पडू लागल्या. माप चुकलं हे सुभानजीला कळत होतं. पण ते कबूल करायचं म्हणजे देशमुखापुढे उभं राहायचं. त्याने हुकूम काढला, ठरलेल्या टोपल्या भरल्याशिवाय कुणाला भाकर नाही.

त्या तांड्यात म्हसूआजा नावाचा म्हातारा होता. त्यालाही यल्लाप्पाएवढंच काम. एका संध्याकाळी टोपल्या मोजल्या, सगळ्या भरल्या. सुभानजीला हायसं वाटलं. सकाळी माणसं आत गेली आणि ओरडत बाहेर आली. म्हसूआजा भिंतीला टेकून बसला होता, पहार मांडीवर. अंग थंडगार. आदल्या दिवशी त्याला बसलेला पाहून इतरांनी त्याच्या वाट्याच्या टोपल्या भरल्या होत्या. म्हातारा दमलाय, बसू दे, असं ज्याला त्याला वाटलं. आणि बाहेर टोपल्या मोजल्या गेल्या, माणसं कुणी मोजलीच नाहीत.

यल्लाप्पाची बायको नागम्मा टोपल्या वाहत असे. तिने ओढ्यातले खडे ओटीत आणले आणि तोंडापाशी ओतले. "आत जाणाऱ्याने एक खडा इथे ठेवायचा, बाहेर आला की उचलायचा," ती म्हणाली. सुभानजीकडे पाहून म्हणाली, "कारभारी, तुम्ही टोपल्या मोजा. माणसं आम्ही मोजतो."

सुभानजीने ते चालू दिलं.

त्याच आठवड्यात ठोके ऐकू यायला लागले. टक्... टक्... भुयाराच्या शेवटाला, पाषाणाच्या पलीकडून. तिकडून तर कुणी खणत नव्हतं. म्हसूआजा आत राहिलाय, तो पहार मारतोय, असं माणसं कुजबुजू लागली. सुभानजी स्वतः आत गेला, दगडाला कान लावला. ठोका कानाच्या अगदी जवळ पडला तसे त्याच्या अंगावर काटा उभा राहिला. बाहेर येऊन मात्र तो म्हणाला, "तुमच्याच पहारींचा आवाज घुमतोय. चला, कामाला लागा." त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

दिवसेंदिवस ठोके वाढले. आणि एके दुपारी ते एकदम थांबले.

बाया टोपल्या टाकून बाहेर पळाल्या. आत पहारी थांबल्या. ती शांतता ठोक्यांपेक्षा वाईट होती असं सांगतात. दगडातून गार वाफ येत होती. सुभानजी तोंडापाशी उभा होता. मृग तोंडावर आलेला. काम थांबवलं तर देशमुख, चालू ठेवलं तर हा डोंगर. मग तो आत तोंड करून बेंबीच्या देठापासून ओरडला, "बाहेर या! सगळे बाहेर या!"

माणसं धडपडत आली, खडे उचलत गेली. शेवटी एक खडा उरला.

"माझा धनी," नागम्मा म्हणाली आणि आत धावली. सुभानजीने तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि दिवटी घेऊन स्वतःच आत शिरला.

यल्लाप्पा शेवटाला एकटाच पुन्हा पहार मारायला लागला होता. घामाने निथळलेला, हात रक्ताळलेले.

"हाक ऐकली नाहीस?"

"ऐकली, कारभारी. पण माप माझ्यावरून धरलंय ना? मी थांबलो तर ते कमी पडलेलं सगळ्यांच्या डोक्यावर येईल. आजा त्यातच गेला."

सुभानजीने त्याच्या हातातली पहार काढून घेतली. "माप माझं चुकलं," तो म्हणाला. "तुझं नाही. चल." एवढ्यात पाषाणाला बारीक चीर गेली आणि तिच्यातून पाण्याची धार सुभानजीच्या तोंडावर बसली. दिवटी विझली. दोघं अंधारात भिंती चाचपडत धावले. मागून डोंगर फुटल्यासारखा आवाज आला. एक दगड यल्लाप्पाच्या पायावर पडला. सुभानजीने त्याला काखेत धरून फरफटत आणलं, आणि पाण्याच्या लोंढ्याने दोघांना तोंडाबाहेर फेकलं. नागम्माने उरलेला खडा उचलला आणि मगच ती रडली.

ते ठोके पाण्याचे होते, असं काही जण म्हणतात. काही जण म्हणतात, आजाच इशारा देत होता. गुरव यावर आपलं मत देत नाहीत.

यल्लाप्पा पुन्हा सरळ चालला नाही. देशमुख पाणी पाहायला आला, खूश झाला आणि काय हवं ते माग म्हणाला. सुभानजीने पाण्याकडे बोट दाखवलं. "या पाण्यावर पुढे जे काम होईल," तो म्हणाला, "त्याचं माप सगळ्यात थकलेल्या माणसावरून धरावं."

आजही दर वैशाखात भुयाराचा गाळ काढतात. त्या दिवशी तिन्ही वाड्यांतलं सगळ्यात वयस्कर माणूस आधी फावडं घेतं. ते दमून बसेपर्यंत जेवढा गाळ निघेल, तेवढंच प्रत्येकाचं दिवसाचं काम. गेल्या वर्षी पार्वतीआत्याने दोनच टोपल्या काढल्या आणि कंबर धरून खाली बसली. मग तरण्याताठ्या पोरांनीही दोन-दोन टोपल्या काढल्या, आपापले खडे उचलले आणि ऊन चढायच्या आत सगळे घरी गेले.