भिकाजीआबांची चादर

“पण मग मला नापास का केलंत, बाई?”

वृषाली रडायच्या बेतात होती, पण आवाज चढाच होता. रुग्णसेवा सहाय्यकांच्या आमच्या वर्गात तिच्याइतकी हुशार कोणी नव्हती आणि हे ती आम्हाला विसरू देत नसे.

एस्तेरबाई पदराने चष्मा पुसत होत्या. तीस वर्षं वॉर्डात आया म्हणून राबल्या, आता आम्हाला शिकवत होत्या.

“लेखीत पहिली आलेय मी.”

“आलीस.”

“भिकाजीआबांना सात मिनिटांत जेवू घालते. एक घास सांडत नाही. चादर बघा त्यांची!”

“पंधरा दिवस बघतेय. एक डाग नाही.”

“मग?”

“म्हणूनच नापास केलं.”

वृषालीने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मलाही काही कळलं नव्हतं.

भिकाजीआबा आमच्या वॉर्डातले रुग्ण, शाळेतले निवृत्त शिपाई. अर्धांगवायूने उजवा हात गेलेला, डावा थरथरायचा. आदल्या दिवशी त्यांची मुलगी मंदा त्यांच्यासमोरच बाईंना म्हणाली होती, “मी सूतगिरणीत जाते. दुपारी घरात कोणी नसतं. आबांना आपल्या हातानं खाता येत नसेल, तर वृद्धाश्रमातच ठेवावं लागेल. उद्या येऊन काय ते ठरवते.”

आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले होते.

“परत घ्या माझी परीक्षा,” वृषाली म्हणाली. “आत्ता.”

“चल.”

आबांच्या खाटेशी ताट आलं. भाकरी, पिठलं, वाटीत आमटी. वृषालीने सवयीने भाकरीला हात घातला.

“हात मांडीखाली घे,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“दोन्ही. आणि त्यांच्यावर बस.”

ती स्टुलावर बसली. हातांवर.

“आता भरवू कशानं?”

बाईंनी आबांचा लुळा हात उचलला आणि भाकरीवर वजनासारखा ठेवला. मग त्याही मागे सरकल्या.

आबा ताटाकडे बघत राहिले. मग वृषालीकडे.

“पोरी… भाकरी मोड की.”

ती अर्धी उठली.

“बस,” बाई म्हणाल्या.

…

आबांनी डाव्या हाताने भाकरी ओढली. तुकडा सुटला आणि खाटेखाली गेला. दुसऱ्या खेपेला कोपर लागून आमटीची वाटी लवंडली. चादर पिवळी झाली. आबांनी डोळे मिटून घेतले.

वृषालीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायला हात नव्हते.

“हाल होतायत त्यांचे, बाई! बघवत नाही मला. सात मिनिटांत झालं असतं हो!”

“झालं असतं.”

मला बाईंचा राग आला होता, हे कबूल करते.

…

पाऊण तास गेला. आबांनी पुन्हा भाकरी धरली. तुकडा मोडला, पिठल्याला लागला, हनुवटीला लागला आणि तोंडात गेला.

आबा बराच वेळ चावत राहिले.

“उद्या जरा कडक भाकरी सांगा,” ते म्हणाले. “मोडायला बरी.”

आणि ते पुढच्या तुकड्याच्या मागे लागले.

वृषालीने हात बाहेर काढले. बोटांवर स्टुलाचे वळ उमटले होते.

“मी पास का, बाई?”

“तू काय केलंस आज?”

ती विचार करत राहिली. वर्गात कधी इतका वेळ लागला नव्हता तिला.

“काहीच नाही,” ती म्हणाली.

बाईंनी मान डोलावली. म्हणजे ती पास की नाही, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.

भेटीची वेळ झाली. जिन्यावर मंदाचा आवाज आला. वृषाली दचकली, कपाटाकडे धावली आणि धुतलेली चादर घेऊन आली.

“उचला आबांना, लवकर! हे असं दिसलं तर…”

बाईंनी तिच्या हातातली चादर काढून घेतली.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “आधी मंदाला बघू दे.”