मूळपुरुषाचे सुतक

जांभूळढाण्याच्या पठारावर मोठमोठ्या दगडांनी वेढलेला एक उंचवटा आहे. तीन हजार वर्षांपूर्वीचे थडगे म्हणून सरकारने त्याला कुंपण घातले आणि जंगलू मडावीला चौकीदार नेमले. मालगुजारांचे नातू रघुपतराव यांना मात्र नेमके तिथेच हॉटेल बांधायचे होते.

एके सकाळी ते मिशांना पीळ देत अर्धे गाव घेऊन वर आले. पाहणीला आलेल्या सरकारी साहेबांपुढे त्यांनी लांबलचक वंशावळ उलगडली.

"इथं आमचा मूळपुरुष पुरलाय. वारस मी. त्याला कुठं हलवायचं ते मी ठरवणार."

साहेब वंशावळ चाळू लागले. जंगलूने मात्र हात जोडले.

"लय बरं झालं, मालक. मागच्या महिन्यात खोदकामात इथं हाडं निघाली, पण रडायला कोणी नव्हतं. आता वारस भेटला. तुमच्यात सुतक कळल्या दिवसापासून लागते, म्हणजे आजपासून. न्हावी खाली पारावरच बसला आहे, बोलावतो. डोकं, मिशा, सारंच उतरवा लागते. अन् परवाचं तुमच्या लेकीचं लगन तेवढं पुढं ढकला."

रघुपतरावांचा हात मिशीवरच थांबला. सारे गावही तिकडेच पाहत होते.

"तो आमचा कोणी नव्हता," ते पुटपुटले.

"मग तसं लिहून द्या, मालक. लगन आटोपल्यावर नातं पुन्हा आठवलं, तर मेलेल्याची उगाच झोपमोड."

रघुपतरावांनी वंशावळीच्याच पाठीवर तसे लिहून सही केली. तीन हजार वर्षांचा बाप दोन ओळींत नाकारला गेला. मिशी तेवढी वाचली.