पाइपांचे रंग

आखातातल्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात सत्तर-ऐंशी मराठी माणसं कामाला होती. त्यांनी आपलं एक मंडळ काढलं आणि बैठकीला खोली मागणारा अर्ज घेऊन अभियंता मृणालिनी खोत संचालक ब्रॉडीसाहेबांकडे गेल्या. साहेब नकार द्यायच्या तयारीतच बसले होते.

"इथे सगळे एकाच कंपनीचे. मग तुम्हाला वेगळी चूल कशाला?"

मृणालिनीताईंनी राग गिळला आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. "साहेब, ते पाइप सगळे एकाच पोलादाचे. मग त्यांना वेगवेगळे रंग कशाला दिलेत?"

साहेब हसले. "एवढंही माहीत नाही? कुणाच्या आत काय आहे, ते बघताक्षणी कळायला हवं. नाहीतर अपघात होतो."

"माणसांचंही तसंच आहे, साहेब. गेल्या महिन्यात आमच्या एका नव्या वेल्डरचे वडील गावी वारले. त्याच्या ओळखीचं इथे कुणी नव्हतं, म्हणून तो कुणाशी बोललाच नाही. चार दिवस तसाच उंच टाकीवर चढून काम करत होता."

साहेबांचं हसू मावळलं. मग अर्जावर सही करून त्यांनी हळूच विचारलं, "त्या वेल्डरचं नाव काय?"