राजवाड्याला तीनदा नाही

एका राज्यात शोभेच्या दारूचा कायदा दगडावर कोरून वेशीत उभा केला होता. चौदा वर्षांखालच्या पोराला बाण विकायचा नाही. गवताच्या गंजीपासून शंभर हातांच्या आत वात पेटवायची नाही. आणि भरली घागर जवळ असल्यावाचून ठिणगी पाडायची नाही; ती घागर पेटवणाऱ्याने स्वतः भरायची. कायदा राजा भद्रसेनाचा. रयत तो निमूट पाळी.

मग मोडला कोणी? अहो, दुसरं कोण मोडणार! युवराजाला सात वर्षं पूर्ण झाली त्या संध्याकाळी राजाने रायाजी दारूकामवाल्याला हुकूम सोडला, "इथेच पेटव, गंजीशेजारी. ती घागर हलवा, आसनापुढे शोभत नाही."

रायाजीने तोंड उघडलं आणि मिटलं. बाण सुटला, गंजी पेटली, साळुंक्यांची घरटी गेली, मागची धूम्राक्ष मांत्रिकाची झोपडीही गेली. मांत्रिक जळक्या दाढीनिशी बाहेर आला आणि एकच शब्द बोलला. बाण राजवाड्याच्या कळसावर अधांतरी थबकला, फुसफुसत, ठिणग्या गाळत. रायाजी हातातल्या वातीसकट घराकडे पळाला, पण आपल्या दारातच दगड होऊन उभा राहिला.

त्याची बायको आवडा मांत्रिकापुढे राखेत जाऊन बसली. "चुकला राजा, दगड झाला माझा नवरा. हा कुठला न्याय?"

"त्याला कायदा ठाऊक होता. तो गप्प बसला."

मांत्रिकाच्या खांद्यावरची साळुंकी म्हणाली, "बाई, राजवाड्याला तीनदा नाही म्हण. तिसऱ्या नाहीला राजाने मान तुकवली तर शाप सुटेल. हे त्याला सांगू मात्र नकोस. दिवाळीच्या पाडव्याचा सूर्य मावळला की दगडाची वाळू होईल."

आवडाने दुकान उघडलं. धनत्रयोदशीला युवराज आला, मुठीत मोहोर घेऊन. "बाण दे."

"नाही, बाळराजे. तुमचं वय सात."

युवराज भोकाड पसरून परत गेला. रायाजीची दगडी पापणी हलली.

चतुर्दशीला सेनापती आला. "कळसावरचा बाण बाणानेच पाडतो. पागेच्या छपरावरून सोडणार."

"नाही. पागेत गवत भरलंय. शंभर हात लांब जा."

"डोकं उडवीन!"

"उडवा. बाण मिळायचा नाही."

सेनापती मिशा चावत गेला. रायाजीच्या हातातली वात गळून पडली.

पाडव्याला दिवस कलताना खुद्द राजा आला, मागे सगळं गाव. महिनाभर त्या फुसफुशीने त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. "बाण दे. मोकळ्या माळावर सोडतो. आता तर झालं?"

"नाही, महाराज. घागर कुठाय?"

"नोकर आणतील."

"पेटवणाऱ्याने स्वतः भरायची."

राजाचा हात तलवारीवर गेला. "कायदा आम्ही केला. आम्हालाच शिकवतेस?"

 सूर्य टेकायला आला होता, रायाजीच्या अंगठ्याची वाळू झरू लागली होती. हो म्हणून टाकावं, असं आवडाला वाटलं नाही असं कोण म्हणेल? पण ती म्हणाली, "शिकवत नाही, महाराज. माझा नवरा तुमच्यापुढे गप्प बसला. तो बघा, दारात उभा आहे. मी गप्प बसणार नाही."

राजाने रायाजीकडे पाहिलं. झरणारी वाळू पाहिली.  मग त्याने जोडे काढले, घागर उचलली आणि नदीवर गेला. येताना अर्धी अंगावर सांडली. सवय नव्हती हो! कोणी हसलं नाही. तो परत गेला आणि काठोकाठ भरून आणली.

माळावर साळुंकीने जवळच्या गंजीपासून शंभर हात मोजून दिले. राजाने घागर ठेवली, वात पेटवली. बाण सणसणत गेला, अडकल्या बाणाला भिडला, आणि दोन्ही फुटले! सोनेरी फुलांनी आभाळ भरलं. सूर्याची शेवटची कड त्याच क्षणी बुडाली. गाव नाचू लागलं, सेनापतीसुद्धा. आवडा मात्र घराकडे धावली, आणि राजा तिच्यामागे अनवाणी.

दगडाची खपली गळत होती. रायाजीने खोल श्वास घेतला, आभाळातला उजेड पाहिला आणि घाबरून विचारलं, "अगं, घागर भरली होती का?"

आवडा त्याला बिलगून रडू लागली. राजाच पुढे झाला.

"भरली होती, रायाजी. मीच भरली."

त्या राज्यात आजही आधी घागर भरते, मग वात पेटते. त्यांच्या अंगणात जसा उजेड पडला, तसा तुमच्या आमच्या अंगणात पडो.