औषध न घेतलेले करडू

मुलांनो, एका माळरानावर एक शेळी आपल्या तीन करडांसह राहत असे. तिन्ही करडांच्या पोटात जंत झाले होते. पोटे नगाऱ्यासारखी फुगलेली, पाय बारीक, आणि समोर पाला धरला तरी तोंड फिरवायची. गेल्या वर्षी तिचे एक करडू असेच दगावले होते, त्यामुळे बिचारीचा जीव सारखा टांगणीला लागलेला असे.

एके दिवशी कोल्हा मधाच्या गोळ्या घेऊन आला. "माझ्या गोळीनं पलीकडच्या टेकडीवरची करडं कशी नाचायला लागली म्हणून सांगू!" साळिंदराने पळसाचे कडू बी आणले. ते म्हणाले, "गुण येईल असं वाटतं. पण छातीठोकपणे नाही सांगत." शेळी दोन्ही औषधे तिघांनाही चारायला निघाली.

तेवढ्यात लेंडी ढकलत चाललेला शेणकिडा थांबला. "ताई, दोन औषधं एकदम इवल्या पोटांना झेपायची नाहीत. शिवाय गुण कशानं आला ते कसं कळणार? एकाला गोळी दे, एकाला बी दे आणि एकाला आठ दिवस काहीच देऊ नकोस. लेंड्यांत जंत किती पडतात ते मी बघतो."

"घाणीतला किडा आता वैद्यकी शिकवणार!" कोल्हा हसला.

शेळीचे डोळे भरून आले. "कोणाला तसंच ठेवू, दादा? तिन्ही माझीच ना?"

"धाकटं त्यातल्या त्यात धडधाकट आहे. ते जरा जरी मलूल दिसलं, तरी लगेच थांबू."

शेळीने मन घट्ट केले. थोरल्याला गोळी दिली, मधल्याला बी दिले. त्याच आठवड्यात बाभळीच्या शेंगा गळू लागल्या. त्या खाऊन तिन्ही करडे उड्या मारू लागली.

"पाहिलंस? माझी गोळी!" कोल्हा म्हणाला.

"मग धाकटं कशानं नाचतंय? त्याला तर काहीच दिलं नव्हतं," शेणकिड्याने विचारले.

आठव्या दिवशी शेणकिड्याने सर्वांसमोर लेंड्या फोडल्या. थोरल्याच्या आणि धाकट्याच्या लेंड्यांत जंत अजूनही सारखेच वळवळत होते. मधल्याच्या लेंड्यांतून पहिले दोन दिवस पुष्कळ पडले होते, आता एकही नव्हता. कोल्हा गोळ्या गुंडाळून चालता झाला.

शेळीने थोरल्याला आणि धाकट्याला लगेच पळसाचे बी चारले. मग धाकट्याला चाटत ती म्हणाली, "बाळा, तू आठ दिवस कळ सोसलीस. नाहीतर गोळीवर विसंबून मी तुझ्या थोरल्या भावाला गमावून बसले असते."

तात्पर्य : गुण दिसला म्हणून लगेच औषधाला श्रेय देऊ नये, ज्याने ते घेतलेच नाही, त्याचे काय झाले तेही पाहावे.