मशीनची साक्ष

आमच्या मुकिंदाचे दोन्ही पंजे गुऱ्हाळाच्या चरकात गेले, त्याला वीस वर्षं झाली. आता तो गुरांच्या बाजारात पुकारा करत एसटीने गावोगाव हिंडतो. अपंगत्वाच्या दाखल्याची मुदत संपली आणि त्याचा एसटीचा पास बंद झाला. मी त्याला घेऊन कचेरीत गेलो.

साहेब म्हणाले, "ऑनलाइन अर्जाला अंगठा लागतो."

"अंगठा असता तर आलो कशाला असतो, साहेब?"

"मग बोटं अजून नाहीत, असा सरकारी पुरावा आणा. नुसत्या डोळ्यांनी बघून चालत नाही."

मुकिंदा चिडला नाही. "बरं, घ्या अंगठा," म्हणत त्याने मनगटाचं थोटूक मशीनवर टेकवलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. मला वाचता येत नाही, म्हणून साहेबांनाच विचारलं. त्यांनी वाचून दाखवलं, "बोटे आढळली नाहीत."

"मशीन कुणाचं, साहेब?" मुकिंदाने विचारलं.

"सरकारचं."

"मग एवढंच छापून द्या आणि शिक्का मारा. झाला सरकारी पुरावा!"

सगळी रांग हसली. साहेबांनाही हसू आवरेना. कागद निघाला, शिक्का बसला, अर्ज पुढे गेला.

बाहेर येऊन आम्ही आधी चहा मागवला. बशी मी धरली, आणि मुकिंदा फुरके मारत निवांत प्याला.